नवव्या चित्रातली बाही

लोकांना पाहायला खुल्या केलेल्या त्या जुन्या घरात चौदा चित्रं होती. आत्याने त्यातल्या तेरा चित्रांना मिळून पाच मिनिटं दिली आणि नवव्या एकट्याला बावीस.

आत्या कपडे शिवायची. डोळ्याच्या ऑपरेशननंतर मात्र "आता नजरेचा भरवसा नाही" म्हणत तिने सात महिने मशीनचं झाकण उघडलं नव्हतं.

"बाई सुंदर आहे, नाही?" मी विचारलं.

"बाईचं काय घेऊन बसलीस? बाही बघ. खांद्यावर सहा चुण्या आहेत, पण एक फुगली असेल तर शपथ. कुणी शिवली असेल गं?"

"आत्या, ती चित्रकाराने काढलीय."

"त्याच्या बापाला सुचली नसती. कुणीतरी शिवली, म्हणून त्याने काढली."

"मावशी, जरा मागे व्हा," रखवालदार म्हणाला.

"हात कुठे लावतेय? नुसती बघतेय."

घरी आल्यावर तिने मला समोर उभं केलं, एकदा नीट न्याहाळलं आणि माप न घेताच कापडाला कात्री लावली. तिसऱ्या दिवशी सदरा तयार झाला. तो घालण्याआधी मी टेप काढला.

खांद्यापासून मनगटापर्यंत माझा हात साडेबावीस इंच. बाही साडेबावीस इंच.