चौथ्या दिवसाची झोप

मुंबईत हॉटेलांतल्या पार्ट्यांना लाइटचं काम करता करता जितेशला कोकेनची सवय लागली. ती सोडून आज चौथा दिवस होता. "आता तो नुसता झोपेल, उठला की खा खा करेल. सांभाळून घ्या," असं डॉक्टरांनी त्याच्या आईला, चांगुणाबाईंना, सांगितलं होतं.

उल्हासनगरच्या घरात भर दुपारी चांगुणाबाई लेकाचं डोकं मांडीवर घेऊन तेल जिरवत बसल्या होत्या. बाहेर कॅम्प चारच्या वस्तीतल्या शिलाई मशीनची घरघर चालू होती, तरी तो तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. किती वर्षांनी असा हाताला लागला होता पोरगा!

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुणीतरी जोरात नाक ओढलं.

हा आवाज दोन वर्षं त्यांनी बंद दाराआडून ऐकला होता. त्यांनी जितेशच्या नाकाशी बोट धरलं. श्वास संथ चालला होता.

आत डब्याचं झाकण वाजलं.

"आई, भूक लागली गं," जितेशच्याच लाडिक आवाजात आतून हाक आली. "वाढतेस ना?"

"आले रे राजा," त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

मांडीवरच्या जितेशनं डोळे न उघडताच त्यांचा पदर घट्ट धरला.

"आई," तो पुटपुटला, "त्याला वाढू नकोस."