सातव्या धड्याला बर्फ पडतो

"पहिला धडा काढा," असं तान वेइछिन म्हणाली आणि अख्ख्या वर्गानं पुस्तक न उघडताच तो म्हणून टाकला. मग दुसरा. मग तिसरा. ती खडू हातात धरून नुसती उभी. पोरं खिडकीबाहेर बघत, एका सुरात, कंटाळल्यासारखी सहाव्या धड्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचली आणि थांबली.

खरं तर तिला शिकवायचंच नव्हतं. ती शिलिआंगला नुसती शाळा बघायला आली होती. उद्या तालुक्याच्या कचेरीत नव्या शिक्षकांनी आपापली जागा निवडायची होती. ज्याचे गुण जास्त त्यानं आधी. वेइछिन यादीत सगळ्यात शेवटची, आणि तिच्यासाठी काय उरणार हे सगळ्यांना आत्ताच ठाऊक होतं. खाली बाजारपेठेचं माचुआन, नाहीतर डोंगरावरचं हे शिलिआंग. तिनं एक घेतलं की दुसरं वर्षभर रिकामं. माचुआनला रोज बस होती, खोल्यांतून उबेसाठी गरम पाण्याचे नळ फिरवलेले होते. शिलिआंगला वारा होता.

तिचं माचुआन ठरलं होतं. शिक्षकभरतीच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन ती तिसऱ्या खेपेला कशीबशी पास झाली होती. लांजौमधला ती शिकवायची तो क्लास मध्येच बंद पडला होता. ती दमली होती. रात्रभर झोपून जाईल असला तो थकवा नव्हता, चांगला मुरलेला होता. तिला फक्त एक उबदार खोली हवी होती. आई म्हणाली, "वरची शाळाही बघून ये, नाहीतर जन्मभर मनाला लागून राहील." म्हणून ती चढ चढून आली.

मुख्याध्यापक खांग सरांनी आग्रह असा केलाच नाही. शेगडीवर इवल्याशा डब्यात चहा कडूजहर होईतो उकळला, भाजलेले बटाटे पुढे ठेवले आणि म्हणाले, "संडास बाहेर आहे. पाणी टाकीतलं. गाडी बाजाराच्या दिवशी. डोळ्यांनी बघून घ्या, मागनं बोल नको." आणि उठता उठता, "इंग्रजीचा तास तसा रिकामाच आहे. आलाच आहात तर..."

आणि आता ही पोरं तिच्याकडे बघत होती.

"छान येतं की! मग सातवा?"

पहिल्या बाकावर हुइफांग नावाची मुलगी होती, थंडीनं गाल फुटलेली. ती उठली.

"सातव्या धड्याला बर्फ पडतो, बाई."

"म्हणजे?"

"बर्फ पडायच्या आत बाई-सर खाली जातात. नवे येतात ते पहिल्यापासून धरतात."

जाणाऱ्यांची कारणंही पक्की असत. कुणाला अचानक दमा निघे, कुणाचा मामा कचेरीत निघे. पोरांना पहिले सहा धडे झोपेतही येत, त्यापुढचं पुस्तक कोरं करकरीत दिसत होतं.

वेइछिननं सातवा धडा काढला. बाजारातल्या खरेदीचा होता. टोपी केवढ्याला, मोजे केवढ्याला. विजारीच्या इंग्रजी शब्दाला सगळा वर्ग एकदम अडखळला. तिनं पुन्हा म्हणवून घेतला, पुन्हा अडखळला. मग मात्र सगळ्यांनी तो असा खणखणीत म्हटला की ती चक्क हसली. शेवटचा संवाद राहिला आणि घंटा झाली. पण कितीतरी महिन्यांनी तिला हलकं वाटत होतं. निदान एक धडा तरी आपण दिला. आता माचुआनला जायला मन मोकळं होतं.

खांग सरांनी उताराची वाट दाखवायला हुइफांगला सोबत धाडलं. ती पुढे उड्या मारत चालली होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. वेइछिननं कान दिला. सातवा धडा. विजार न अडखळता आली. मग विकणारी बाई पैसे परत देते तो शेवटचा संवादही आला.

वेइछिन थांबली. "हा संवाद तर राहिला होता. तुला कुठून येतो?"

हुइफांगनं जीभ चावली.

"बोल ना, मी ओरडणार नाही."

"सातवा येतो आम्हाला, बाई. शाळा बघायला येतात ते सगळे सातवाच शिकवतात."

"मग आधी का नाही बोललात? आणि ते अडखळणं?"

"सर म्हणतात, एवढा चढ चढून आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवू नये. सातवा शिकवला की त्यांना बरं वाटतं. मग सुखानं जातात." तिच्या बोलण्यात खोच नव्हती. घरी आलेल्याला बटाटे वाढावेत तशी ती बोलत होती. "आठव्यात काय असतं हो? चित्रात केक दिसतो."

तेवढ्यात खाली बाजाराची तीनचाकी भोंगा वाजवू लागली. वेइछिन उत्तर न देता जाऊन बसली. तिला लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि घरी पोचेपर्यंत ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कचेरीतली खोली रिकामी होत आली होती. ज्यांना हवं ते मिळालं होतं ते जिन्यात फोनवर हसत होते. कारकुनाला जेवायची घाई झाली होती. त्यानं तिच्या नावापुढे माचुआन लिहायलाही घेतलं.

"शेवटची तू. माचुआनच ना, पोरी? चल, सुटलो सगळे."

"शिलिआंग."

त्याचं पेन थांबलं. "डोकं ठिकाणावर आहे का? कालच बघून आलीस ना ते? काय राहिलंय तुझं तिथं?"

"आठवा धडा," वेइछिन म्हणाली.