विंगेतला आवाज

राजाच्या वेशातला श्रीरंग भर प्रयोगात स्वगत विसरला. विंगेतून तात्यांनी अलगद पुढचं वाक्य दिलं आणि भावाला मारून गादी बळकावणारा राजा पुन्हा बोलू लागला.

गेल्या महिन्यापर्यंत राजा तात्या होते आणि प्रॉम्प्टर श्रीरंग. याच वाक्यावर तात्या अडले, तेव्हा श्रीरंग मुद्दाम गप्प बसला. नंतर दिग्दर्शकांना म्हणाला, “मी वाक्य दिलं होतं. त्यांनाच हल्ली ऐकू येत नाही.” तात्यांनाही ते पटलं. त्यांनी स्वतःहून भूमिका सोडली.

पडदा पडला. तात्या विंगेत उभे होते, कानात नवंकोरं यंत्र लावून.

“माझा आवाज पोचला ना रे? मला आता अंदाजच येत नाही.”

श्रीरंगला त्यांच्याकडे बघवेना. मुकुट काढत तो म्हणाला, “थोडं मोठ्यानं देत जा, तात्या.”