वायर काढल्यावर

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या रोलरनं बयनाबाईची दोन बोटं नेली, म्हणून इंजिनिअर लेकीनं हात जवळ येताच मशीन थांबवणारी पेटी बनवली. उसना कॉम्प्युटर वायरनं पेटीला जोडला, की त्यातला डीबगर, म्हणजे चुका शोधणारं साधन, पेटीतल्या प्रोग्रॅमची ओळनओळ तपासून सांगे, चूक नाही. जिनिंगच्या मालक शेठसमोर तिनं हाताऐवजी ज्वारीचं धांडं पुढं केलं, रोलर थांबला. "वायर काढ," शेठ म्हणाला. वायर काढली आणि धांड्याचा भुगा झाला. "डीबगर लावला की प्रोग्रॅम हळू चालते शेठजी, चूक लपते. थोडी मुदत द्या." "खेळणं घरी ने बाई," म्हणत शेठ निघाला. लेकीचे डोळे भरले. "रडून राह्यली काऊन व?" बयनाबाई म्हणाली, "कोणी पाहून राह्यलं की तुही पेटी नीट वागते. शेठबी इन्स्पेक्टर आला की रोलरले जाळी लावते, गेला की काढते." मग पदर खोचून ती उघड्या रोलरपुढं बसली.