छिन्नीखालचं नाणं

रूफिओ सराफानं नाणं दगडावर ठेवलं आणि छिन्नी उचलली.

"वहिनी, राग मानू नका. नव्या नाण्यावर घाव घालून बघावाच लागतो. हल्ली वर चांदीची साय नि आत निव्वळ तांबं."

"अहो, याचा साचा ज्यानं कोरला तोच समोर उभा आहे!" वेनुस्ता म्हणाली.

"म्हणून तर एकच घालतोय."

तिचा नवरा थालस नाण्याकडे बघत उभा होता. टाकसाळीत देवदेवतांची तोंडं कोरता कोरता त्याचंही तोंड तसंच झालं होतं. वर्षभर बघत बसा, सुरकुती हलायची नाही.

त्यांची एकुलती लेक फौस्तिला तापानं गेली तेव्हाही एक सुरकुती हलली नाही. तिरडीवर वेनुस्तानं लेकीचे केस विंचरून उजव्या कानावर ओढले होते. लहानपणी एका हंसानं डूल ओढून त्या कानाची पाळी फाडली होती. पोर जन्मभर ती झाकून हिंडली. थालसनं मात्र ते केस बाजूला सारले. गिऱ्हाईक माल बघतं तशी ती पाळी निरखली. डोळे कोरडे. दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

त्या दिवशीच तो वेनुस्ताच्या मनातून उतरला. आज ती ओस्तियाला भावाकडे निघाली होती, कायमची. नावाडी भाड्यापोटी तांब्याची सुटी नाणी मागत होता. थालसच्या कमरेला चांदीचं हे एकच नाणं होतं, चिंधीत बांधलेलं. तिनंच ते ओढून काढून सराफापुढे टाकलं होतं, न बघता.

रूफिओनं देवीच्या गालाचा नेम धरला. हातोडा खाली आला तेव्हा तिथे थालसचा तळहात होता.

"अरे मेल्या! हात तोडून घ्यायचाय का?"

रक्त दगडावरून ओघळलं. थालसनं मूठ आवळून धरली होती. वेनुस्तानं शालीचं टोक दाबायला ती एकेक बोट करून उघडली. नाणं पुसलं. सगळ्या देव्यांचं असतं तसं सरळ नाक. तसाच मुकुट. केस मात्र मागे घट्ट बांधलेले, उजवा कान पुरता उघडा.

पाळी फाटलेली.

"तिला लागलं असतं," थालस म्हणाला.