मेंढवाड्यावरचं छत
सत्यशीलानं महिनाभर कॉम्प्युटरवर खपून त्या छताचा आकार बसवला होता. उलट्या छत्रीसारखं ताणलेलं पांढरं कापड, खाली मेंढरांना सावली आणि वर पडलेलं पावसाचं पाणी थेट टाकीत. ती कामाला होती त्या छतांच्या कंपनीच्या मालकानं नमुना म्हणून कापड शिवून दिलं आणि सिल्लोडजवळ तिच्या बापाच्या, मुंजाबाच्या मेंढवाड्यावर छत उभं राहिलं. पण दोन पावसाळे कोरडे गेले. मुंजाबानं एकेक करून सगळी मेंढरं विकली. मालकानं संभाजीनगरातल्या नव्या वसाहतीच्या फाटकासाठी छत परत मागवलं. उतरवायला सत्यशीलाच आली. मुंजाबा छताखाली एकटाच बसला होता. "सावली तरी राहू दे, बाई," तो म्हणाला. "आबा, मेंढरं कुठं राह्यलीत आता?" "मी हाय की." तिनं तारा सैल केल्या, कापड गुंडाळलं. टेम्पो निघाला तेव्हा मुंजाबा भर उन्हात तसाच बसून होता.