धुऱ्यावरचा भोंगा
सत्यभामाबाईंचा धर्मेंद्र परदेशात वेल्डर होता. तिकडे लढाई पेटली, निर्बंधांमुळे कंपनीचं बँक खातं गोठलं, पगार अडकला, परतीचं तिकीट निघेना. लेकीनं आईच्या फोनवर तिथल्या हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवणारं अ‍ॅप टाकलं. आसगावच्या बांधीत धान रोवताना धुऱ्यावर, बांधाच्या कडेला ठेवलेला फोन ओरडला, की सत्यभामाबाई हात वर करत, "थांबा वं! पोरगा तळघरात जाऊन राहिला." धोका टळल्याचा आवाज येईस्तोवर बाया रोपं मुठीत धरून चिखलात उभ्या राहत. एकदा बातमी आली, सगळी क्षेपणास्त्रं वरच्या वर पाडली. त्यांनी बायांच्या चहात दुप्पट साखर घातली. संध्याकाळी कळलं, पाडलेल्या क्षेपणास्त्राचा तुकडा तळघराच्या जिन्यावर कोसळला. धर्मेंद्र जिन्यातच होता. पंधरवड्यानं सत्यभामाबाई रोवायला आल्या. भोंगा वाजला. सवयीनं बाया थांबल्या. मान न उचलता त्या म्हणाल्या, "काहून थांबल्या वं? रोवा."